टाक्यांचा हिशेब

मार्च महिना सरत आला की वऱ्हाडातील शेते रिकामी होतात. पऱ्हाटी उपटून बांधावर रचलेली असते, तूर आणि हरभरा घरात येऊन बाजारात गेलेला असतो, आणि अकोला-अमरावतीचे तापमान देशाच्या हवामानवृत्तात झळकू लागते. दुपारी गावातले रस्ते ओस पडतात. नेमक्या याच दिवसांत, दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात काय किंवा अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूला काय, घराच्या ओसरीवर किंवा कडुनिंबाच्या सावलीत जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक अंथरले जातात. चार कोपऱ्यांवर वजने ठेवून कापड ताणले जाते, सुरकुत्या तळहाताने सारख्या केल्या जातात आणि घरातल्या, शेजारच्या दोघीतिघी समोरासमोर बसून धावदोरा घालू लागतात. पुढच्या हिवाळ्याची गोधडी अशी ऐन उन्हाळ्यात जन्माला येते. बोलीत 'ळ'चा 'य' करणारा वऱ्हाडी माणूस वाकळीला 'वाकय' म्हणतो. शिवणाऱ्या बाईला विचारावे की ही वाकय शिवायला किती दिवस लागतील, तर ठरलेले उत्तर येते, 'काही नाई, रिकाम्या वेयात होऊन जाते.'

हीच बाई चार-पाच महिन्यांपूर्वी कापसाच्या वेचणीला गेलेली असते. तेथे तिच्या श्रमाचा हिशेब किलोवर होतो. संध्याकाळी ओट्यातला कापूस काट्यावर पडतो, वजन वहीत लिहिले जाते आणि दर किलोला किती, यावर शेतमालकाशी तिची हुज्जतही होते. वेचणीचा दर तिला पाठ असतो. शेजारच्या गावात किती दिला जातो हेही तिला ठाऊक असते. पण त्याच हाताने घातलेल्या टाक्यांचा हिशेब तिने कधी केलेला नसतो आणि तिच्यासाठी तो दुसऱ्या कोणी केलेला नसतो. गोधडी घरातच राहत होती तोपर्यंत याने फारसे बिघडत नव्हते. आता बचत गटांच्या प्रदर्शनांतून, शहरातल्या दुकानांतून आणि घरबसल्या मागणी नोंदविण्याच्या सोयीमुळे ती विकली जाऊ लागली आहे, आणि म्हणून हा न केलेला हिशेब प्रथमच महत्त्वाचा ठरू पाहत आहे.

गोधडीविषयी एक गोष्ट वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. कापसाच्या या मुलखातील गोधडीत कापूस नसतो. सरकी काढलेला, पिंजलेला कापूस भरून केलेले लेप, दुलया आणि गाद्या हा पिंजाऱ्याच्या हातचा माल. तो ज्यांच्या घरी कापूस राखून ठेवण्याची ऐपत होती त्यांच्यासाठी. धनुकलीच्या तातीचा तो घुमणारा आवाज पुष्कळांच्या लहानपणीच्या आठवणीत असेल. पण सामान्य कुळाच्या आणि मजुराच्या घरचा कापूस, पिकला की विकावाच लागे. त्यांच्या अंथरुणात कापूस येई तो कापडाच्या रूपाने, आणि तोही पुष्कळदा अंगावर वापरून विरल्यानंतर. कापूस शेतातून निघून गाठीत, गाठीतून गिरणीत, गिरणीतून लुगड्यात आणि लुगडे फाटल्यावर वाकळीत, असा लांबचा वळसा घालून तो पिकवणाऱ्याच्या पाठीखाली येत असे.

हा वळसा निसर्गाने ठरविलेला नव्हता. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, त्यानंतर आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस तुटला. १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडच्या कापसाला जो भाव चढला त्याच्या गोष्टी पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा झाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एका आडबाजूच्या बाजारगावच्या काही मैलांच्या रुळांसाठी व्हाइसरॉयने यावे, यावरून त्या रुळांवरून काय जाणार होते याची कल्पना यावी.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे तत्कालीन कापूस आयुक्त रिव्हेट-कारनॅक यांनी या रेल्वेचा हेतू आपल्या अहवालात लपविलेला नाही. विलायती कापड रेल्वेने आत येऊन देशी कापडापेक्षा स्वस्त विकले जावे, म्हणजे येथल्या येथे सुतात खपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि सूतकताई-विणकामात गुंतलेली माणसे शेतमजुरीला उपलब्ध होतील, अशी अपेक्षा त्यांनी नोंदविली आहे. इतक्या स्वच्छ शब्दांत आपले धोरण मांडणारे अधिकारी विरळाच. वऱ्हाडात झाले तेही जवळजवळ तसेच. सूत काढणारे हात वेचणीला गेले. बाळापूर-अकोटच्या सतरंज्या, अचलपूर-अंजनगावचे विणकाम असे काही धागे तगून राहिले. पण कापडाच्या बाबतीत हा प्रदेश विकत घेणारा झाला. नंतर अकोल्याला आणि बडनेऱ्याला गिरण्या उभ्या राहिल्या, सावतराम आणि विजय ही त्यांची नावे घराघरांत गेली आणि त्यांचे भोंगे कालांतराने बंद पडले. १९७२ पासून जवळजवळ तीन दशके राज्याने एकाधिकार खरेदी योजना चालविली. तिचे गुणदोष हा वेगळा विषय आहे. पण तिच्यातही प्रश्न भावाचा होता, कापसाचे कापड येथेच व्हावे हा नव्हता. या सगळ्या घडामोडींत कापसापासून काही तरी घडविण्याचे जे एक काम वऱ्हाडाच्या खेड्यात घरोघर अखंड चालू राहिले ते म्हणजे वाकळ शिवणे. ते टिकले, कारण त्याला बाजार नव्हता, आणि ज्याला बाजार नाही ते स्वस्तात विकून बुडविता येत नाही.

बाजार नव्हता तशी प्रतिष्ठाही नव्हती. पाहुणा आला की गोधडीवर सोलापुरी चादर पसरायची, ही मध्यमवर्गीय घरांतली जुनी रीत. ठिगळ हे दारिद्र्याचे चिन्ह आणि गोधडी म्हणजे ठिगळांचाच संसार. ज्या एका माणसाने हे चिन्ह उघडपणे अंगावर मिरविले तो याच मातीतला होता. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर चिंध्यांची गोधडी पांघरून गावोगाव हिंडले, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. हातातल्या गाडग्यावरून गाडगेबाबा हे नाव रूढ झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांचे देहावसान झाले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्या विद्यापीठाच्या पदवीधरांपैकी किती जणांच्या घरी आईच्या हातची गोधडी अजून पाहुण्यांपासून लपविली जाते, हे विचारणे कदाचित अप्रशस्त होईल.

आता टाक्यांकडे वळावे. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट कापड. त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांबीचे चार पदर मिळतात. रुंदीला थोडी जोड दिली की चार फुटांची बेताची गोधडी होते. धावदोऱ्याच्या दोन ओळींत अर्धा इंच अंतर धरले, तर चार फुटांच्या रुंदीत शहाण्णव ओळी बसतात. प्रत्येक ओळ पावणेसात फूट, म्हणजे एकूण शिवण साडेसहाशे फुटांच्या घरात, दोनशे मीटरच्या आसपास. अर्ध्या इंचाला एक टाका पडतो असे मानले, तर एका ओळीत एकशे बासष्ट आणि पूर्ण गोधडीत साडेपंधरा हजार टाके होतात. हे काम बारीक नव्हे, मध्यम प्रतीचे झाले. हौशी बाई ओळी याहून जवळ घेते. चार पदरांतून सुई पार करायची, तर मिनिटाला दहा टाके ही गती कमी म्हणता येणार नाही. त्या गतीने सव्वीस तास लागतात. जुने कापड धुणे, विरलेला भाग काढणे, पदर जुळवून टाचणे, ठिगळे बसविणे, शेवटी कडेने गोट लावणे, याला आणखी दहा तास धरावेत. छत्तीस तास, म्हणजे आठ तासांच्या दिवसाने साडेचार दिवस.

२०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाला दिवसाला २९७ रुपये दर होता. त्या दराने साडेचार दिवसांचे तेराशे साडेछत्तीस रुपये होतात. यात दोरा, सुई, कापड, जागा, दिवा आणि नेण्या-आणण्याचा खर्च काहीच धरलेला नाही. आणि मुख्य म्हणजे डोळे आणि पाठ यांची झीजही धरलेली नाही, जी चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याही शिवणाऱ्या बाईने सहज सांगितली असती. ज्या राज्याने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखविली, त्या राज्यात माती वाहण्याचा जो किमान दर ठरला तो गोधडी शिवण्याला लावला, एवढाच याचा अर्थ. कौशल्याचा एक पैसाही त्यात मिळविलेला नाही. तरीही हा आकडा ऐकल्यावर गिऱ्हाईक दचकते. त्याहून आश्चर्याची गोष्ट ही की शिवणारी बाईसुद्धा दचकते.

ती का दचकते, याचे उत्तर शासकीय पाहणीच्या एका संकेतांकात सापडते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगारविषयक प्रश्नावलीत प्रत्येक व्यक्तीच्या कामाला एक अंक दिला जातो. केवळ घरकाम करणाऱ्याला ९२ आणि घरकामाबरोबरच घराच्या वापरासाठी सरपण, चारा वगैरे गोळा करणे, शिवणे, विणणे अशी कामे करणाऱ्याला ९३. हे दोन्ही अंक श्रमशक्तीच्या बाहेरचे. साडेपंधरा हजार टाके घालणारी बाई देशाच्या हिशेबात कामकरी नसते. तिची दखल घेतली जाते, पण ती कामाबाहेरच्या रकान्यात. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या माणसांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवितात आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे, असे आढळून आले. मिनिटे मोजली गेली, हेही काही कमी नव्हे. परंतु त्या मिनिटांना दर कोणता, हे पाहणी सांगत नाही, आणि ते तिचे कामही नव्हे. 'रिकाम्या वेयात होऊन जाते' हे खेड्यातले उत्तर आणि ९३ हा दिल्लीचा अंक, ही एकाच समजुतीची दोन रूपे आहेत.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही या समजुतीला आधार काढता येतो. उन्हाळ्यात शेतावर काम नाही, दुसरा रोजगार नाही. तेव्हा त्या वेळाची पर्यायी किंमत शून्य, आणि म्हणून जे मिळेल ते लाभातच. हा युक्तिवाद कागदावर बिनतोड दिसतो. पण त्यात एक खोच आहे. वैशाखात शून्य किंमत मानून एकदा तीनशे रुपयांत गोधडी विकली की तोच तिचा भाव ठरतो, आणि कार्तिकात वेचणीचा हंगाम ऐन भरात असताना मागणी आली तरी व्यापारी तोच भाव पुढे करतो. फावल्या वेळाचा दर सगळ्या वेळाला चिकटतो.

हा प्रश्न वऱ्हाडच्या शेजारीच, वर्ध्याला, एकदा सविस्तर चर्चिला गेला होता. चरख्यावरचे सूत हेही शेतकरी स्त्रीच्या रिकाम्या वेळाचे काम, म्हणून त्याला मिळेल ती दमडी पुरेशी, अशीच आरंभीची धारणा होती. १९३५ मध्ये गांधीजींनी तिला स्वतःच आव्हान दिले. कातणाऱ्या बाईला तासाला एक आणा, आठ तासांना आठ आणे पडावेत, असा त्यांचा आग्रह होता. अखिल भारत चरखा संघाने तो दर एकदम पत्करला नाही. पण किमान निर्वाहाइतके वेतन हे तत्त्व मान्य करून कताईचे दर वाढविले. खादी महागली, खप घटेल अशी ओरड झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. त्याच वर्ध्यात मगनवाडीला बसून जे. सी. कुमारप्पा हे अमेरिकेत शिकलेले अर्थशास्त्रज्ञ ग्रामोद्योगांचा विचार मांडीत होते. वस्तूच्या किमतीत ती बनविणाऱ्याचे जगणे सामावले पाहिजे, हा त्यांच्या मांडणीतला धागा आज खादी भांडारातल्या सवलतीच्या पाट्यांखाली झाकून गेला आहे. गोधडीच्या निमित्ताने तो पुन्हा वर काढायला हरकत नाही.

अर्थात बाजार तत्त्वांसाठी थांबत नाही. हिवाळा आला की अमरावती आणि अकोल्याच्या रस्त्यांच्या कडेला ब्लँकेटांचे ढीग लागतात. त्यांतला बराच माल पानिपतचा; जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांचे तंतू काढून पुन्हा सूत करण्याचा तेथे प्रचंड उद्योग आहे, आणि पॉलिएस्टरची मऊ ब्लँकेटेही तेथूनच येतात. म्हणजे पानिपतही एका अर्थाने चिंध्यांचीच वाकळ करते, फक्त यंत्राने आणि टनावारी. त्या ब्लँकेटाच्या किमतीशी हातशिवणीची गोधडी स्पर्धा करू शकणार नाही आणि तिने ती करूही नये. शिवणयंत्रावर दिवसाभरात होणारी गोधडी हा आणखी एक स्पर्धक; ती दिसायला ठीक असते, पण यंत्राचा घट्ट टाका पदर जखडून टाकतो आणि हातच्या धावदोऱ्याची सैल ऊब तिला येत नाही. पण ही ऊब पांघरल्यावर कळते, दुकानात नव्हे.

ज्यांनी ही वाट आधी चालून पाहिली त्यांची उदाहरणे आहेत. बिहारात मुजफ्फरपूरजवळच्या भुसरा गावी १९८८ पासून निर्मलादेवींनी जुन्या साड्यांच्या सुजनीला पुन्हा हात घातला. सुजनी ही आपल्या गोधडीची मावसबहीणच. तिच्यावर त्या स्त्रियांनी आपल्या भोवतालची चित्रे दोऱ्याने काढली. सुजनीला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली आणि २०२५ मध्ये निर्मलादेवींना पद्मश्री. दुसरे उदाहरण फार लांबचे, पण वऱ्हाडाशी त्याचे नाते जुने आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची एक वस्ती नदीच्या वळणात वसलेली आहे. तेथले लोक कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या गुलामांचे वंशज. ज्या यादवी युद्धाने त्यांच्या पूर्वजांच्या बेड्या तुटल्या, त्याच युद्धाने वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या वाटेला लागला. तेथल्या स्त्रियाही कामावरच्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून गोधड्या शिवीत. १९६६ मध्ये त्या परिसरात 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी राहिली, न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांकडून मागणी आली, आणि तेव्हा लक्षात आले की दुकानाला सगळ्या गोधड्या एकाच मापाच्या आणि एकाच नमुन्याच्या हव्यात. ज्या स्वच्छंद जोडणीसाठी त्या वेगळ्या होत्या तीच बाजूला ठेवावी लागली. पुढे २००२ पासून त्याच गावच्या जुन्या गोधड्या संग्रहालयांच्या भिंतींवर चढल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली; आणि २००७ मध्ये काही शिवणाऱ्या स्त्रियांना आपल्या हक्काच्या मोबदल्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. कीर्ती मिळाली म्हणजे हिशेब मिळतोच असे नाही.

वऱ्हाडात बचत गटांचे जाळे आता विरळ राहिलेले नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचे 'उमेद' अभियान यांच्यामुळे गट, बँकेचे खाते, अंतर्गत कर्ज या गोष्टी खेड्यातल्या बाईच्या परिचयाच्या झाल्या आहेत. मुंबईच्या सरस प्रदर्शनात तिखट, पापड, सांडगे यांच्या जोडीला हस्तकलाही मांडल्या जातात. मेळघाटात धारणीजवळ लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने कोरकूंच्या हातांना बांबूच्या राख्यांपासून घरबांधणीपर्यंतचे काम दिले. बांबूच्या राखीचे यश नीट पाहण्यासारखे आहे: तिला ठरलेला दिवस आहे, ती पाकिटात मावते आणि तिचे गिऱ्हाईक कोण हे आधी ठाऊक असते. गोधडीला यांतले काहीच नाही. ती जड, जागा अडवणारी आणि सावकाश होणारी. म्हणूनच प्रदर्शनाच्या आयोजकांचा सल्ला असतो की गोधडी सोडा, तिच्या कामाच्या पिशव्या, उशांचे अभ्रे, मोबाइलची पाकिटे करा. लवकर होतात आणि खपतात. खपतातही. पण पिशवी कोणीही करू शकते. तिथे वऱ्हाडच्या बाईची गाठ पुन्हा यंत्राशी आणि जयपूरच्या घाऊक व्यापाऱ्याशी पडते. आपल्या बळाची जागा सोडून दुसऱ्याच्या मैदानावर खेळायला जाण्याचा हा प्रकार आहे.

गोधडीचे खरे गिऱ्हाईक मुंबईच्या प्रदर्शनात शोधण्याचे कारण नाही. ते अमरावतीच्या रुक्मिणीनगरात आणि अकोल्याच्या जठारपेठेत राहते. ते शिक्षकाचे, कारकुनाचे, बँकेतल्या नोकरदाराचे घर आहे. त्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे आणि ट्रंकेत वारलेल्या आईची किंवा आजीची चार-सहा सुती लुगडी आहेत. ती नेसणारे कोणी नाही, भांडेवालीला द्यायला हात धजत नाही आणि ठेवून ठेवून ती घडीवर विरत चालली आहेत. या घराला गोधडी 'विकत' घ्यायची नसते; त्याला आपल्या कापडाची गोधडी शिवून हवी असते. हा फरक शब्दांचा नाही. माल विकताना बाईला कापड आधी घ्यावे लागते, भांडवल अडकते, न खपल्याचा धोका तिचा असतो आणि भाव गिऱ्हाईक पाडते. शिवणावळीवर काम करताना कापड गिऱ्हाइकाचे, आगाऊ रक्कम गिऱ्हाइकाची आणि काम सुरू होण्याआधीच विकले गेलेले. शिवाय अशा गोधडीची तुलना पानिपतच्या ब्लँकेटाशी होऊच शकत नाही, कारण आजीचे लुगडे पानिपतला मिळत नाही.

अट एकच, की शिवणावळीचा दर आधी ठरलेला आणि लिहिलेला असावा. टाके मोजणे शक्य नाही. पण ओळी मोजता येतात. लांबी किती, ओळींतले अंतर किती बोटे, पदर किती, गोट साधा की दुहेरी, एवढ्यावरून दरपत्रक सहज होईल. सात-आठ गावांच्या गटांनी मिळून एकच दर ठेवला, तर एका गावाला दुसऱ्या गावाविरुद्ध वापरण्याची सोय उरणार नाही. वेचणीच्या किलोचा दर गावोगाव कसा पसरतो आणि कसा टिकतो, हे या स्त्रियांना कोणी शिकवायला नको.

यावर आक्षेप येणारच. तेराशे-चौदाशे रुपये शिवणावळ कोण देणार, हा पहिला. त्याला उत्तर असे की लग्नातल्या ब्लाउजच्या शिलाईला आणि पडद्यांना हीच घरे काय देतात ते पाहावे; रक्कम नवी नाही, ती गोधडीला द्यायची सवय नवी आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार. शिवणकाम ही शेजारधर्माची गोष्ट होती; लेकीच्या बाळंतपणाला दुपटे शिवायला आळीतल्या चार जणी येऊन बसत आणि त्यांच्या घरच्या कामाला ही जाई. त्यात दर आला की तो मोकळेपणा जाईल, बाईबाईत हिशेब येईल. हे काही अंशी खरे आहे. पण ज्या घरी दुपटे शिवायला चौघी जातात त्या घराकडून कोणी शिवणावळ मागितलेली नाही आणि मागणारही नाही. दर हवा आहे तो शहरातून येणाऱ्या ट्रंकेसाठी. शेजारणीला दिलेला वेळ परत मिळत असे, त्याच रूपात मिळत असे. शहरातला गिऱ्हाईक तिच्याकडे टाके घालायला येणार नाही. त्याने परतफेड पैशात करणे एवढेच त्याच्या हाती आहे.

कापडाची एक अडचण मात्र दराने सुटणारी नाही. १९७० नंतर खेड्यांतही टेरिलीन, नायलॉन आणि पुढे सिंथेटिकच्या पाचवारी साड्या आल्या. त्या लवकर फाटत नाहीत, रंग सोडीत नाहीत, वाळतात झटकन; नेसणारीच्या दृष्टीने त्यांत गैर काही नव्हते. पण गोधडीला त्या चालत नाहीत. पदर एकमेकांवरून घसरतात, सुई सरकते, घाम टिपला जात नाही आणि चार वर्षे वापरूनही त्यांना लुगड्याचा मऊपणा येत नाही. सुती नऊवारी नेसणारी पिढी आता बहुतेक उरलेली नाही. ट्रंकांतली लुगडी ही त्या पिढीची शेवटची शिल्लक, आणि कसर ती आपल्या गतीने संपवीत आहे. बारीक ओळ घालणाऱ्या बायकाही साठीच्या पुढे गेल्या आहेत. त्यांच्या सुनांनी सुई हातात धरली आहे, पण मोबदला मिळतो की नाही हे पाहूनच त्या ती धरून ठेवतील. येत्या चैत्रात ऊन तापेल, ओसरीवर पदर अंथरले जातील आणि शहरातल्या एखाद्या ट्रंकेतून आलेले हिरव्या काठाचे लुगडे त्यांत असले, तर त्याच्या शहाण्णव ओळींचा दर सुईत दोरा ओवण्याआधी ठरलेला असायला हवा.